दाताला लागलेली भाषा

बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक धडा आहे, 'उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव'. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीला तो समजावून देताना मी शीर्षकातल्या त्या 'व'पाशीच अडकले. त्या 'व'च्या अलीकडे एक रांग, पलीकडे दुसरी. लॅक्टोबॅसिलस अर्थातच अलीकडच्या रांगेत, कारण तो दही लावतो. पण दाताच्या खोल गेलेल्या खड्ड्यातून नमुना घेतला, तर तिथेही लॅक्टोबॅसिलस कुळातली मंडळी भेटतात आणि तेच काम करत असतात: साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडणं. भांड्यात त्या आम्लाने दूध विरजतं, दातात त्याने खड्डा वाढतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर दात किडण्याचा मुख्य आरोपी म्हणून संशोधक लॅक्टोबॅसिलसकडेच बोट दाखवत होते. जिवाणूचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच. फरक पडतो तो जागेने.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची नाही. इंजिनिअरिंग केलं, ठाण्यात वागळे इस्टेटला सॉफ्टवेअर लिहिते, राहते डोंबिवलीत. गेल्या वर्षभरात घरच्या एका कारणाने (ते पुढे येईल) तोंडातल्या जिवाणूंबद्दल मिळेल ते वाचलं. त्यातून जाणवलं ते असं: शोधनिबंधांमधली गोष्ट आणि आपण मराठीत सांगतो ती गोष्ट, या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीची समीक्षा आहे. समीक्षा फक्त कादंबऱ्यांचीच करावी असा काही नियम नाही. ज्या मजकुरावर कोट्यवधी लोक रोज सकाळी विश्वास ठेवतात, त्याची तर जरूर करावी.

सुरुवात शब्दापासून. मराठीत दात 'किडतो', दाताला 'कीड लागते'. जोंधळ्याला लागते, तुरीला लागते, तशी. म्हणजे बाहेरून कोणीतरी सरपटत आलं आणि आत शिरून पोखरू लागलं. हा शब्द मुळात एक सिद्धान्त आहे, आणि तो फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांत 'कृमिदंत' आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडायचा उपाय आपल्याकडे खेडोपाडी चालत असे. युरोपात हेच काम खुरासनी ओव्याच्या बिया करत, आणि धुरीनंतर पाण्यात पडलेले पांढरे 'किडे' म्हणजे उष्णतेने फुटलेल्या त्या बियांचेच कोंब असत. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात हे किडे आपल्याला कधी दिसले नाहीत असं लिहून टाकलं. किडा गेला, शब्द राहिला. शब्द राहायला माझी हरकत नाही, 'सूर्य उगवतो' असंही आपण म्हणतोच. हरकत आहे ती शब्दासोबत राहून गेलेल्या कथानकाला: एक निरोगी घर, एक घुसखोर, आणि त्याला हाकलणारा कोणीतरी.

हेच कथानक जाहिरातींनी उचललं. त्यांची चित्रभाषा तुम्हाला पाठ असेल. पांढराशुभ्र दात, त्याच्यावर हिरवट रंगाचे, शिंगं आणि सुळे असलेले राक्षस, मग निळ्या रंगाची लाट, आणि शेवटी दाताभोवती चमकणारं कडं. या जाहिरातींच्या डब केलेल्या मराठीत हल्ली 'कीटाणू' हा शब्द सर्रास येतो. आपल्याकडे 'जंतू' होता, 'जिवाणू' होता, पण हिंदी पटकथेवरून ओठांच्या हालचाली जुळवताना 'कीटाणू'च बरा पडत असावा. ते असो. मला जास्त खटकतो तो ९९.९ टक्क्यांचा दावा. साधा हिशोब करा. दहा कोटी जिवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले, तरी एक लाख उरतात, आणि त्यांना वाढायला रिकामी जागा मिळते. ती जागा आता कोण घेणार, हा खरा प्रश्न. जाहिरात त्याच्या आधीच संपते.

इथे आमच्या गावाचा एक अपवाद नोंदवायला हवा. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली विको सुरू केली. कंपनीचा एक कारखाना डोंबिवलीत आहे, आणि एमआयडीसीतलं के. व्ही. पेंढरकर कॉलेज त्यांच्याच नावाने आहे. विको वज्रदंतीच्या जुन्या जाहिरातींमध्ये राक्षस नाहीत. आहेत त्या वनस्पती, आणि टणक काहीतरी दातांनी फोडणारी हसरी माणसं. 'वज्रदंती' हे नावही कोणाला मारण्याबद्दल बोलत नाही, दात वज्रासारखा होण्याबद्दल बोलतं (शिवाय ते कोरांटीचंही एक नाव आहे). हे औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने ते आयुर्वेदिक औषध असल्याचा निर्वाळा दिला. मला तो खटला साहित्यिक अंगानेही रंजक वाटतो, कारण वस्तू कशी वर्णन करायची यावर कर ठरत होता. पण गोष्ट म्हणून पाहिलं तर वज्रदंतीचीही एक मर्यादा आहे. तिच्यात जिवाणूच नाहीत. एका बाजूला सगळे राक्षस, दुसऱ्या बाजूला कोणीच नाही. तोंडात प्रत्यक्षात जे चालतं ते या दोन्हींत बसत नाही.

काय चालतं ते आता जरा तपशिलात.

दातावर जो मऊ, चिकट थर बसतो (तो कडक झाला की आपण त्याला कीटण म्हणतो) त्यात जिवाणूंची दाट वस्ती असते. ही गोष्ट पहिल्यांदा पाहिली ती डेल्फ्टच्या कापडव्यापारी लेवेनहुकने. १६८३ साली त्याने रॉयल सोसायटीला कळवलं की स्वतःच्या दातांवरून खरवडलेल्या पांढऱ्या पदार्थात त्याला हलणारे जीव दिसले. त्याने व्हिनेगरने चूळ भरूनही पाहिली आणि निष्कर्ष काढला की थराच्या बाहेरचे मरतात, आतले जगतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी, स्वतः घासलेल्या भिंगातून, त्याने ९९.९ टक्क्यांच्या दाव्याला उत्तर देऊन ठेवलं होतं.

या वस्तीतले दोघे आपल्या कामाचे. एक स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स. १९२४ साली लंडनमध्ये किलियन क्लार्कने तो किडलेल्या दातांतून वेगळा केला, आणि त्याचा आकार नेहमीच्या गोल स्ट्रेप्टोकॉकसपेक्षा लांबट दिसला म्हणून तो बदललेला प्रकार असावा अशा समजुतीने हे नाव दिलं. आपल्या साध्या साखरेपासून तो गोंदासारखं ग्लुकान बनवतो, त्याने दाताला चिकटतो, भरपूर आम्ल सोडतो, आणि मुख्य म्हणजे त्या आम्लात स्वतः तगून राहतो. दुसरा स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस. तो आधीच्या वस्तीकरूंपैकी. दात साफ केल्यावर काही तासांत जे पहिले येऊन बसतात, त्यांत तो आणि त्याचा भाऊबंद गॉर्डोनाय असतात.

हे दोघे एकमेकांना रोखतात, दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी. सँग्विनिस हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतो, केमिस्टकडे जखम धुवायला मिळतं तेच. म्युटान्सला ते सहन होत नाही. या पेरॉक्साइडचा पुरावा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. रक्त घातलेल्या माध्यमावर हे जिवाणू वाढवले की वसाहतीभोवती हिरवट कडं उमटतं, कारण पेरॉक्साइडने हिमोग्लोबिनचा रंग पालटतो. या साऱ्या गटाला 'व्हिरिडान्स', म्हणजे हिरवे, असं नाव त्यामुळेच पडलं. जाहिरातीतले राक्षस हिरवे का दाखवतात कोण जाणे, पण हा योगायोग मला आवडतो: हिरवं कडं इथे म्युटान्सला अडवणाऱ्याच्या भोवती आहे.

म्युटान्सचं अस्त्र म्हणजे म्युटासिन, छोट्या प्रथिनांसारखे रेणू, जे शेजारच्या जिवाणूच्या पटलावर हल्ला करतात. ही अस्त्रं तो सदासर्वकाळ बनवत नाही. आधी एक छोटा पेप्टाइड बाहेर सोडत राहतो. आजूबाजूला भाईबंद पुरेसे झाले की त्या पेप्टाइडचं प्रमाण एका पातळीवर पोचतं, आणि मग सगळे मिळून म्युटासिन बनवू लागतात. इंग्रजीत या प्रकाराला जे नाव आहे त्यातला 'कोरम' म्हणजे आपली गणपूर्ती. माझ्या कामातही हा शब्द रोजचा आहे, अनेक सर्व्हरपैकी बहुमताने होकार दिल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. पण सोसायटीच्या सभेत गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, तेवढ्याच लोकांत भरते. जिवाणू आमच्या सोसायटीपेक्षा जास्त काटेकोर आहेत. आणि गॉर्डोनायकडे याच्यावरही तोड आहे: तो असं एक विकर सोडतो की जे तो पेप्टाइडच कापून टाकतं. संख्या पुरेशी, पण निरोप पोचतच नाही. तिसरी गंमत अशी की म्युटासिनने शेजारी फुटला की त्याचा डीएनए बाहेर पडतो, आणि त्याच पेप्टाइडच्या इशाऱ्यावर म्युटान्स तो डीएनए आत घ्यायलाही तयार झालेला असतो. शत्रूला मारून त्याची वही वाचायची. हे वाचून मी पहिल्यांदा लॅपटॉप मिटून थोडा वेळ गप्प बसले.

मग जिंकतं कोण? २००५ साली लॉस एंजेलिसमध्ये क्रेथ आणि सहकाऱ्यांनी दोघांना प्रयोगशाळेत एकत्र वाढवून पाहिलं. सँग्विनिस आधी बसवला तर तो म्युटान्सला वाढू देत नाही. म्युटान्स आधी बसवला तर तो सँग्विनिसला वाढू देत नाही. दोघांना एकाच वेळी सोडलं तर दोघंही राहतात.

डोंबिवलीकराला याचं भाषांतर करून सांगावं लागत नाही. सकाळी फास्ट लोकलमध्ये सीट हवी तर माणूस उलटा कल्याणला जातो आणि तिथून बसून येतो. डोंबिवलीच्या फलाटावर चढणाऱ्याची ताकद, वय, निकड यांपैकी कशाचाही उपयोग नाही, कारण प्रश्न ताकदीचा नाहीच, क्रमाचा आहे. बाळांच्या तोंडातही असंच दिसतं. अलाबामातल्या मुलांवर पेज कॉफिल्डने वर्षानुवर्षं काम केलं. सँग्विनिस पहिले दात आल्यावर, साधारण नवव्या महिन्याच्या सुमारास येतो. म्युटान्स बराच नंतर, साधारण सव्वीसाव्या महिन्याच्या आसपास. आणि ज्या मुलांत सँग्विनिस लवकर स्थिरावला त्यांत म्युटान्स आणखी उशिरा आला.

पण लोकलची उपमाही एका टप्प्यापुढे फसवते. लोकलमध्ये सीटवर बसल्याने डबा बदलत नाही. तोंडात बदलतो. सँग्विनिसला पेरॉक्साइड बनवायला प्राणवायू लागतो, म्हणजे थर जाड झाला की आतल्या भागात त्याचं अस्त्र बोथट. दिवसातून सात-आठ वेळा गोड चहा, मध्ये बिस्किट, पुन्हा चहा, असं चाललं की आम्ल ओसरायला वेळच मिळत नाही. सामू साधारण साडेपाचाच्या खाली गेला की दाताच्या बाहेरच्या कवचातलं खनिज विरघळू लागतं. त्याच आम्लात सँग्विनिस मंदावतो आणि म्युटान्स तगतो. आधी आलेल्याचा हक्क हळूहळू जातो, तोही कोणी बाहेरचा घुसला म्हणून नाही, तर घरातली हवाच बदलली म्हणून. फिलिप मार्श यांनी १९९४ साली हे सूत्ररूपाने मांडलं: रोग जंतूच्या आगमनाने होत नाही, परिस्थिती बदलल्याने वस्तीचा तोल जातो तेव्हा होतो. म्युटान्स बहुतेकांच्या तोंडात असतोच. 'कीड लागली' या क्रियापदात हे कुठेच मावत नाही.

आता ते घरचं कारण. आईला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता आणि त्याने हृदयाची झडप खराब केली. सहा वर्षांपूर्वी कृत्रिम झडप बसवली. गेल्या वर्षी तिची दाढ काढायची ठरली तेव्हा दंतवैद्य म्हणाले, "काकू, दाढ काढायच्या तासभर आधी ॲमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या एकदम घ्यायच्या. विसरायचं नाही." आईने विचारलं, "दाढेत पू झालाय का?" ते म्हणाले, "पू नाही. दाढ निघताना तोंडातले जंतू रक्तात जातात आणि झडपेवर बसतात. साधेच असतात, सगळ्यांच्या तोंडात असतात."

मी घरी येऊन ते 'साधे' कोण हे शोधलं. पहिल्या काही नावांतच सँग्विनिस होता. म्युटान्सला अडवणारा, बाळाच्या पहिल्या दातावर पहिला येणारा, ज्याच्याबद्दल मी आठवडाभर आधी जेवताना आईला कौतुकाने सांगितलं होतं, तोच. खराब झालेल्या किंवा कृत्रिम झडपेवर तो ज्या कौशल्याने चिकटतो ते दातावर चिकटण्याचंच कौशल्य आहे. त्याचं नावही तिथूनच आलं. हृदयाच्या आतल्या आवरणाला सूज आलेल्या रुग्णांच्या रक्तातून तो १९४० च्या दशकात ओळखला गेला, म्हणून 'सँग्विस', रक्त. पुढे १९९७ साली लॅटिन व्याकरणात चूक आहे, इथे षष्ठी हवी, असं दाखवून ते 'सँग्विनिस', म्हणजे 'रक्ताचा', असं दुरुस्त करण्यात आलं. विभक्तीच्या प्रत्ययावरून जगभरच्या प्रयोगशाळांनी एका जिवाणूचं नाव बदललं, हे वाचून मराठी शुद्धलेखनवाद्यांना बरं वाटेल. मला त्या रात्री फारसं बरं वाटलं नाही.

नववीच्या धड्यात याला 'व'च्या कुठल्या बाजूला बसवायचं? आईच्या दातावर तो उपयुक्त आहे. दोन वितींवर, तिच्या झडपेवर, तो जीवघेणा आहे. आणि गोळ्यांनी प्रश्न मिटतो असंही नाही, कारण साध्या घासण्याचावण्यानेही थोडे जिवाणू रक्तात जात असतातच. म्हणून अशा रुग्णांच्या बाबतीत वर्षातल्या एका दिवसाच्या गोळ्यांपेक्षा हिरड्या रोज निरोगी राहणं जास्त मोलाचं, हे वैद्यकीय मार्गदर्शिका सांगतात. आईला हे पटवायचं होतं. 'जंतू मार' सांगितलं असतं तर तिने दिवसातून चारदा जंतुनाशकाने चुळा भरल्या असत्या, ती त्यातली आहे. 'चांगले जंतू आहेत' सांगितलं असतं तर ती गोळ्या घेताना कुरकुरली असती. दोन्ही तयार वाक्यं माझ्याकडे होती आणि दोन्ही निरुपयोगी होती. शेवटी मी म्हटलं, "आई, ते भाडेकरू आहेत. आपापल्या खोलीत असतील तर एकमेकांवर वचक ठेवून राहतात. भिंत फुटली तर मात्र कोण कुठे शिरेल सांगता येत नाही. आपण भिंत सांभाळायची." तिने रात्रीचं घासणं सुरू केलं. उपमा बरोबर होती असं माझं म्हणणं नाही, त्या दिवशी ती पुरली एवढंच.

राक्षसांची जाहिरात जुनी झाली तशी 'चांगल्या जिवाणूं'ची नवी जाहिरात आली आहे, आणि माझ्या पेशातल्या लोकांना ती विशेष भुलवते. जेफ्री हिलमन या संशोधकाने १९८० च्या दशकात म्युटान्सचा असा एक वाण शोधला की जो जबर म्युटासिन बनवून इतर म्युटान्सना हटवतो. पुढे जनुकं बदलून त्याला लॅक्टिक आम्लाऐवजी अल्कोहोल बनवायला लावलं. कल्पना देखणी आहे: आम्ल न करणारा म्युटान्स एकदा बसवा, तो बाकीच्यांना हाकलेल, दात किडायचे थांबतील. काही वर्षांपूर्वी एका अमेरिकी कंपनीने हा वाण थेट लोकांना विकायला काढला, तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दुवा फिरला आणि एकाने लिहिलं, 'एकच पॅच, कायमचा बग फिक्स'. मला विज्ञानाबद्दल आदर आहे, हिलमनचं काम खरंच अफाट आहे. पण ही गोष्ट किडीच्या गोष्टीचीच उलटी बाजू आहे. तिथे एकटा खलनायक सगळं बिघडवतो, इथे एकटा नायक सगळं सुधारतो. दोन्हींत वस्ती गायब. साखर गायब, चहाच्या वेळा गायब, लाळ गायब. आम्ल बनवणारे इतरही बरेच आहेत, ते आपली पाळी येईपर्यंत थांबलेले असतात. प्रॉडक्शनमधला एक बग काढल्यावर त्याच्या आडोशाने दडलेले तीन वर येतात, हे त्याच ग्रुपवरच्या प्रत्येकाने अनुभवलेलं आहे.

लढाईची भाषाच टाकून द्या असं मला म्हणायचं नाही. इथे खरोखर विषं सोडली जातात, निरोप कापले जातात, मेलेल्याचा डीएनए उचलला जातो. याला सहजीवन म्हणून गुळगुळीत करणं हाही खोटेपणाच. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांचा एक जुना दोष असा की ते निसर्गाकडून एकतर युद्ध मागतात नाहीतर सुविचार. त्या दोन्हींच्या मधला एक नमुना मला फार आवडला, तो सांगून थांबते. ॲग्रिगॅटिबॅक्टर नावाचा हिरड्यांच्या आजारातला एक जिवाणू गॉर्डोनायने टाकलेल्या लॅक्टिक आम्लावर जगतो. म्हणजे त्याला गॉर्डोनाय जवळ हवा. पण गॉर्डोनाय पेरॉक्साइडही सोडतो, म्हणजे तो फार जवळही नको. २०१४ सालच्या एका अभ्यासात उंदरांच्या गळवांमध्ये या दोघांमधलं अंतर मोजलं, तेव्हा ॲग्रिगॅटिबॅक्टर चार मायक्रोमीटरहून थोडा लांब राहिलेला आढळला. पेरॉक्साइडची चाहूल लागली की तो एक विकर सोडून आपल्याच थराचा गोंद विरघळवतो आणि जरा सरकून बसतो. सरकण्याची ही क्षमता काढून घेतलेले जिवाणू गॉर्डोनायला खेटून राहिले आणि संसर्गात तग धरू शकले नाहीत.